ह्यूगोची थीम बसवताना: पाच मिनिटांचं काम आणि उरलेली संध्याकाळ

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये एक जुनं दुखणं होतं. कुठल्या गडावर पाणी मार्चपर्यंत टिकतं, परतीची शेवटची एसटी कितीला, कुठली वाट पावसात धरू नये, हे सगळं कुणीतरी कधीतरी व्हॉट्सॲपवर लिहिलेलं असायचं आणि नेमकं हवं तेव्हा सापडायचं नाही. शेवटी मी ह्यूगो वापरून एक साधी साइट केली. नोंदी टाकायला वेळ लागला नाही. थीम मात्र एक अख्खी संध्याकाळ खाऊन गेली, आणि त्यातला बराचसा वेळ टाळता आला असता. तो तुमचा टळावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ह्यूगो हा स्टॅटिक साइट जनरेटर २०१३ पासून आहे आणि गो भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या आधी, २००८ साली आलेल्या जेकिलसाठी रुबी आणि तिची सगळी फौज बसवावी लागते. ह्यूगोची एकच फाइल असते, ती चालवली की झालं. तुम्ही मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा वापरून लिहायच्या मजकुरात) लिहायचं, ह्यूगो त्याची एचटीएमएल पानं बनवून देतो. ती पानं दिसतात कशी, हे थीम ठरवते. या लेखात उदाहरणासाठी पेपरमॉड ही थीम घेतली आहे. ती हलकी आहे, तिला सॅस (पानाची सजावट लिहिण्याची एक भाषा) वगैरे काही लागत नाही आणि शोध व डार्क मोड आयते मिळतात. दुसरी थीम निवडलीत तरी पायऱ्या बहुतेक याच राहतील.

एक सूचना. खाली कमांड आणि फाइलींची नावं वाचताना म्हणू तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि छोट्या लिपीत करायची. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे सांगेन.

थीम निवडण्याआधी

थीमच्या गॅलरीत फोटो बघून भुलू नका. डेमोतले फोटो स्वित्झर्लंडचे असतात, मजकूर दोन ओळींचा आणि शीर्षकं इंग्रजीत. आपले फोटो मोबाइलवर काढलेले आणि शीर्षक ‘अलंग-मदन-कुलंग: तीन दिवसांची भटकंती’ एवढं लांब. म्हणून डेमोपेक्षा थीमचं गिटहबवरचं (जिथे तिचा कोड ठेवलेला असतो त्या साइटवरचं) पान उघडा आणि तिथे शेवटचा बदल कधी झालाय ते बघा. दोन-तीन वर्षं कुणी हात लावलेला नसेल तर ती थीम सोडा, कितीही देखणी असली तरी.

दुसरं, थीमला ह्यूगोची किमान कुठली आवृत्ती लागते ते पाहा. ते रीडमीमध्ये किंवा थीम डॉट टॉमल या फाइलीत ‘मिन व्हर्जन’समोर लिहिलेलं असतं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ०.१४६.० या आवृत्तीत ह्यूगोने टेम्प्लेट, म्हणजे पानाचे साचे, शोधण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे हा आकडा बघणं आता जास्तच गरजेचं झालं आहे. सॅस वापरणाऱ्या बऱ्याच थीमना ह्यूगोचा ‘एक्स्टेंडेड’ प्रकार लागतो. मी तर सरळ एक्स्टेंडेडच बसवतो, कटकट नको.

ह्यूगो आणि गिट बसवणं

मॅकवर होमब्रू असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल ह्यूगो’. विंडोजवर ‘विनगेट इन्स्टॉल ह्यूगो डॉट ह्यूगो डॉट एक्स्टेंडेड’, यात तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल. उबुंटूवर ॲप्टमधून येणारी आवृत्ती बहुधा जुनी असते, त्यामुळे तिथे स्नॅपमधून घ्या किंवा ह्यूगोच्या गिटहब पानावरून डेब फाइल उतरवा. गिटही लागेल, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. मग तपासा:

ह्यूगो व्हर्जन

जो आकडा येईल तो कागदावर लिहून ठेवा. साइट सर्व्हरवर चढवताना तो पुन्हा लागणार आहे.

विंडोजवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. ह्यूगोच्या कमांड पॉवरशेल ७ किंवा गिट बॅशमध्ये चालवा. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘एको’ वापरून आणि दोन ‘पेक्षा मोठे’ चिन्हं देऊन फाइलीत ओळ जोडली, तर ती यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या वेगळ्याच पद्धतीत, लिहिली जाते. मग फाइल दिसायला धडधाकट असते, पण ह्यूगोला ती वाचता येत नाही. सेटिंगची फाइल नेहमी एडिटरमध्येच उघडून बदलावी हे बरं.

साइट तयार करून थीम आणणं

ह्यूगो न्यू साइट गडवही हायफन-हायफन फॉरमॅट यामल
सीडी गडवही
गिट इनिट

‘फॉरमॅट यामल’ मुद्दाम घातलं आहे. ते नाही घातलं तर ह्यूगो टॉमलमधली सेटिंग फाइल देतो, आणि पेपरमॉडची सगळी उदाहरणं यामलमध्ये आहेत. सुरुवातीलाच जुळवून घेतलं की नंतर भाषांतर करत बसावं लागत नाही. यामलचा एकच त्रास आहे: ओळीच्या सुरुवातीला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. एडिटरमध्ये टॅबच्या जागी दोन स्पेस येतील अशी सोय करून घ्या.

आता थीम. ती आणायच्या तीन पद्धती आहेत. झिप उतरवून थीम्स फोल्डरमध्ये टाकणं, गिट सबमॉड्यूल, आणि ह्यूगो मॉड्यूल. झिप सोपी वाटते, पण सहा महिन्यांनी थीम अद्ययावत करायची वेळ आली की आपण काय काय बदललं होतं ते आठवत नाही. ह्यूगो मॉड्यूलसाठी गो बसवावं लागतं. सबमॉड्यूल, म्हणजे आपल्या गिटमध्ये थीमचं गिट नुसतं जोडून ठेवणं, हा मधला मार्ग. थीमचा नेमका कुठला कमिट (गिटने नोंदवलेला टप्पा) आपण वापरतोय हे गिट लक्षात ठेवतं आणि थीमचा कोड आपल्या कोडमध्ये मिसळत नाही.

थीमच्या गिटहब पानावर ‘कोड’ असं हिरवं बटण असतं. तिथला एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता कॉपी करा. एसएसएचचा घेऊ नका. तुमच्या लॅपटॉपवर तो चालेल, पण साइट बांधणाऱ्या सर्व्हरकडे तुमची चावी नसते, तिथे तो अडकतो. मग:

गिट सबमॉड्यूल ॲड हायफन-हायफन डेप्थ=१ (कॉपी केलेला पत्ता) थीम्स/पेपरमॉड

इथे पेपरमॉडमधला ‘पी’ आणि ‘एम’ कॅपिटल. हे अक्षरशः पाळा. सेटिंगच्या फाइलीत तेच नाव सगळ्या छोट्या अक्षरांत लिहिलंत तरी विंडोज आणि मॅकवर साइट दिमाखात उघडते, कारण तिथल्या फाइल सिस्टीम सहसा लहानमोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत. सर्व्हर लिनक्सचा असतो. त्याला ही दोन वेगळी नावं वाटतात, आणि थीम सापडत नाही म्हणून तो मोकळा होतो.

सेटिंगची फाइल

गडवही फोल्डरमध्ये ह्यूगो डॉट यामल उघडा. (जुन्या लेखांत हिचं नाव कॉन्फिग असं दिसेल. ह्यूगोने २०२३ च्या सुरुवातीला नाव बदललं, जुनंही चालतं.) सुरुवातीला एवढंच लिहा:

बेसयूआरएल: साइटचा पूर्ण पत्ता, शेवटच्या तिरप्या रेघेसकट
टायटल: गडवही
थीम: पेपरमॉड
डिफॉल्टकंटेंटलँग्वेज: एमआर
लँग्वेजकोड: एमआर-आयएन
टाइमझोन: एशिया/कोलकाता (यात ‘ए’ आणि ‘के’ कॅपिटल)

आणि चालवा:

ह्यूगो सर्व्हर हायफन-डी

यातला ‘डी’ कॅपिटल, म्हणजे कच्च्या नोंदीही दिसतात. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या १३१३ या पोर्टवर साइट उघडेल. नुसतं नाव आणि रिकामं पान दिसलं तर घाबरू नका, अजून मजकूरच नाही. पण टर्मिनलमध्ये ‘फाउंड नो लेआउट फाइल’ असा पिवळा इशारा आला, तर थीम सापडलेली नाही. थीम्सच्या आतलं फोल्डर रिकामं आहे का आणि नाव जुळतंय का, या दोनच गोष्टी बघायच्या.

टाइमझोनची ओळ बहुतेक मार्गदर्शकांत नसते, कारण ती लिहिणारे आपल्या वेळेत राहत नाहीत. ह्यूगो भविष्यातली तारीख असलेली नोंद प्रसिद्ध करत नाही. तुम्ही तारखेत नुसतं सकाळचे ९ लिहिलेत आणि टाइमझोन दिला नाहीत, तर ह्यूगो ते यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची प्रमाणवेळ, समजतो. म्हणजे आपले दुपारचे अडीच. मी हरिश्चंद्रगडाची नोंद सकाळी लिहून चढवली, ती दिसेना. तीन वेळा पुन्हा चढवली, थीमला शिव्या घातल्या आणि जेवायला गेलो. जेवून आल्यावर पुन्हा एकदा चढवली, तर नोंद जागेवर. थीमचा काही दोष नव्हता, अडीच वाजून गेले होते.

मराठीसाठी थीमची मशागत

इथवर खरोखर पाचच मिनिटं लागतात. आता उरलेली संध्याकाळ.

डिफॉल्टकंटेंटलँग्वेज ‘एमआर’ केल्यामुळे प्रत्येक पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी अशी नोंद होते. ही नुसती औपचारिकता नाही. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉंटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन वळणं असतात, एक हिंदीचं आणि एक मराठीचं. पानाची भाषा मराठी आहे हे कळलं तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. हा बदल केल्यावर ‘लोहगड’ हा शब्द आधीच्या पानाशी ताडून बघा. काहीतरी खटकत होतं ते काय होतं, हे तेव्हा कळतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधनंही याच नोंदीवरून मराठी आवाज निवडतात.

भाषा बदलली की दुसरी गंमत होते. महिन्यांची नावं आपोआप मराठीत येतात, कारण ती ह्यूगोला ठाऊक आहेत. पण ‘पुढचं पान’, ‘अनुक्रमणिका’, ‘वाचायला लागणारा वेळ’ हे शब्द थीमचे असतात. थीममध्ये आय१८एन नावाचं फोल्डर आहे, त्यात एमआर डॉट यामल नसेल तर काही शब्द इंग्रजीत राहतात आणि काही ठिकाणी नुसता बाण दिसतो, शब्दच नाही. उपाय सोपा आहे. तुमच्या साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये (थीमच्या नाही) आय१८एन फोल्डर करा, थीममधली इंग्रजीची फाइल तिथे कॉपी करून तिचं नाव एमआर डॉट यामल ठेवा आणि उजवीकडचे शब्द बदला. ‘आयडी’ समोरचे शब्द तसेच राहू द्या, ते खुणेचे आहेत. प्रीव्ह पेजला मी ‘मागे’ लिहिलं, टीओसीला ‘या नोंदीत’, कोड कॉपीला ‘कॉपी’. वाचनवेळेच्या ओळीत महिरपी कंसातलं ‘डॉट काउंट’ हलवू नका, तिथे आकडा बसतो. तो वेळ ह्यूगो मिनिटाला २१३ शब्द धरून काढतो. मराठीत जोडशब्द आणि प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द कमी आणि लांब होतात, वेळ थोडा कमीच दाखवला जातो. मी तो दाखवणंच बंद केलं. गडावर जाणाऱ्याला वाचायला चार मिनिटं लागतील की पाच, याने काय फरक पडतो?

तारखेचा साचा सेटिंगच्या फाइलीत पॅरम्सखाली ‘डेटफॉरमॅट’मध्ये द्यायचा. साचा असा: २ जॅन्युअरी २००६, इंग्रजीत आणि इंग्रजी आकड्यांत, ‘जे’ कॅपिटल. ही तारीख कुठून आली असं वाटेल. गो भाषेत तारखेचा नमुना ठरलेला आहे: पहिला महिना, दुसरी तारीख, दुपारचे तीन, चार मिनिटं, पाच सेकंद, सहा साल. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. तिथे आजची तारीख लिहिलीत तर प्रत्येक नोंदीवर भलताच काहीतरी आकडा येईल.

फॉंट आणि कापले जाणारे उकार

इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये शीर्षकांच्या ओळींची उंची अक्षराच्या १.२ किंवा १.३ पट असते. रोमन अक्षरांना तेवढी पुरते. आता ‘कुर्डूगड’ लिहून बघा. वर रफार, खाली दोन उकार. शीर्षक दोन ओळींत गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. त्यातून थीमने शीर्षक ठरावीक ओळींत बसवायला ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावलेलं असेल, तर शेवटच्या ओळीचे उकार सरळ कापले जातात. ‘मृगगड’चा ‘मगगड’ झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पेपरमॉडमध्ये याची चांगली सोय आहे. साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये ॲसेट्स, त्यात सीएसएस, त्यात एक्स्टेंडेड असं फोल्डर करा. त्यात कुठल्याही नावाची सीएसएस फाइल ठेवली की ती थीमच्या सीएसएसच्या मागे जोडली जाते. माझ्या फाइलीत मोजक्याच गोष्टी आहेत. शीर्षकांची लाइन-हाइट १.५, मजकुराची १.८. यादीतल्या सारांशाची अक्षरं फार बारीक होती, ती थोडी मोठी. आणि लेटर-स्पेसिंग सगळीकडे शून्य. थीमने कुठे अक्षरांमध्ये अंतर सोडलं असेल तर देवनागरीची शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

फॉंट म्हणून मी मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता घेतला. मुक्त परवान्याचा आहे आणि मोबाइलवर स्वच्छ दिसतो. लांब लेख असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा, त्यात मराठी वळणं मुळातच आहेत. फॉंटची डब्ल्यूओएफएफ२ फाइल स्टॅटिक फोल्डरमध्ये फॉंट्स नावाच्या फोल्डरात ठेवा आणि सीएसएसमध्ये ‘फॉंट-फेस’ने जोडा. तिथे फाइलीचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू करू नका. ‘डॉट-डॉट’ दोनदा देऊन, म्हणजे दोन फोल्डर वर जाऊन, मग फॉंट्स असं लिहा. साइट गिटहब पेजेसवर एखाद्या उपफोल्डरखाली चालत असेल तर तिरप्या रेघेने सुरू होणारा पत्ता भलतीकडे जातो. ‘फॉंट-डिस्प्ले: स्वॅप’ही घाला. घाटात रेंज नसताना फॉंट उतरेपर्यंत कोरं पान बघत बसायला नको.

थीमच्या फोल्डरला हात लावायचा नाही

या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. कुठलंही टेम्प्लेट शोधताना ह्यूगो आधी तुमच्या साइटच्या लेआउट्स फोल्डरमध्ये बघतो आणि तिथे नसेल तरच थीममध्ये जातो. त्यामुळे थीममधला पानाच्या तळाचा भाग (फुटर) बदलायचा असेल, तर ती फाइल त्याच मार्गाने आपल्या लेआउट्समध्ये कॉपी करायची आणि कॉपी बदलायची. ०.१४६.० नंतर ‘पार्शल्स’ फोल्डरच्या नावाआधी अंडरस्कोअर आला आहे, पण जुनं नावही चालतं.

नुसती हेडमध्ये एखादी ओळ घालायची असेल तर तेवढंही नको. पेपरमॉडने ‘एक्स्टेंड हेड’ आणि ‘एक्स्टेंड फुटर’ अशा दोन रिकाम्या फाइली त्यासाठीच ठेवल्या आहेत. जेवढ्या कमी फाइली कॉपी कराल तेवढं बरं, कारण थीम पुढे गेली तरी तुमची कॉपी जुनीच राहते.

सबमॉड्यूलच्या आत जाऊन एक रंग बदलला तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. बिघडतं असं की तो बदल तुमच्या रिपॉझिटरीत (साइटच्या गिटमधल्या साठ्यात) जातच नाही. लॅपटॉपवर साइट निळी, सर्व्हरवर काळी.

शोध आणि मेनू

शोध चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात आणि लोक हमखास एक विसरतात. कंटेंट फोल्डरमध्ये सर्च डॉट एमडी करून तिच्या सुरुवातीच्या माहितीत ‘लेआउट: सर्च’ लिहायचं. आणि सेटिंगमध्ये ‘आउटपुट्स’खाली ‘होम’साठी एचटीएमएल, आरएसएस आणि जेसॉन अशी तिन्ही नावं कॅपिटल अक्षरांत द्यायची. जेसॉन राहिलं तर शोधाची चौकट दिसते, पण काही सापडत नाही. हा शोध अंदाजाने जुळवणारा आहे, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तरी शब्द सहसा सापडतो. फारच भरकटलेले निकाल यायला लागले तर ‘फ्यूजऑप्ट्स’मधला ‘थ्रेशोल्ड’ ०.४ वरून खाली आणा.

मेनूतल्या प्रत्येक दुव्याला नाव, पत्ता आणि वजन द्यायचं. वजन कमी तो आधी. नावं मराठीत ठेवा, पत्ते रोमनमध्ये. नोंदींच्या फाइलींनाही रोमन नावंच द्या. देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची दोन ओळींची माळ होते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो.

चढवताना

साइट नेटलिफायवर, क्लाउडफ्लेअर पेजेसवर किंवा गिटहब पेजेसवर ठेवता येते. तिन्हीकडे अडचणी त्याच.

पानं कोरी आली तर सबमॉड्यूल आलेलं नाही. गिटहब ॲक्शन्सच्या फाइलीत ‘चेकआउट’च्या पायरीखाली ‘सबमॉड्यूल्स: रिकर्सिव्ह’ ही ओळ हवी. स्वतःच्याच दुसऱ्या संगणकावर रिपॉझिटरी उतरवल्यावर थीम्स फोल्डर रिकामं दिसलं, तर ‘गिट सबमॉड्यूल अपडेट हायफन-हायफन इनिट हायफन-हायफन रिकर्सिव्ह’ चालवा.

मजकूर आला पण नुसता पांढऱ्यावर काळा, कसलीच सजावट नाही, तर बेसयूआरएल चुकलाय. गिटहब पेजेसवर प्रकल्पाचं नाव पत्त्यात येत असेल तर ते बेसयूआरएलमध्येही हवं. पत्ता बरोबर असूनही सजावट येत नसेल तर ब्राउझरचा कन्सोल उघडा. ‘इंटेग्रिटी’बद्दल तक्रार दिसली तर पॅरम्सखाली ‘ॲसेट्स’मध्ये ‘डिसेबलफिंगरप्रिंटिंग: ट्रू’ करा.

टेम्प्लेटची भलतीच त्रुटी आली तर सर्व्हरवरचा ह्यूगो जुना आहे. मघाशी कागदावर लिहिलेला आकडा ‘ह्यूगो व्हर्जन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाका. नाव सगळं कॅपिटल, मध्ये अंडरस्कोअर.

सगळं नीट चाललं की पॅरम्समध्ये ‘एन्व्ह: प्रॉडक्शन’ लिहायचं विसरू नका. त्याशिवाय पेपरमॉड दुवा शेअर केल्यावर दिसणारं चित्र आणि वर्णन यांची माहिती पानात घालेलच असं नाही.

थीम अद्ययावत करायची असेल तेव्हा:

गिट सबमॉड्यूल अपडेट हायफन-हायफन रिमोट हायफन-हायफन मर्ज

ही कमांड शनिवारी सकाळी चालवा, शुक्रवारी रात्री ट्रेकला निघायच्या आधी नाही. चालवल्यावर आधी लॅपटॉपवर साइट उघडून बघा, लेआउट्समध्ये कॉपी केलेल्या फाइली थीममधल्या नव्या फाइलींशी ताडून पाहा आणि मगच कमिट करा. आमच्या साइटवर अशा कॉपी केलेल्या फाइली आता दोनच उरल्या आहेत. त्यातली एक पुढच्या पावसाळ्यात काढायचा विचार आहे, तेव्हा तसाही घरीच असतो.